सेल्बूचा आठ पाकळ्यांचा गुलाब : दोनरंगी बिनबोटांचे हातमोजे

नॉर्वेत ट्रॉन्डहाइमपासून जवळच सेल्बू नावाची वस्ती आहे. १८५७ साली तिथल्या मारित गुल्सेत या सोळा वर्षांच्या मुलीने काळ्या-पांढऱ्या लोकरीचे हातमोजे विणले आणि ते घालून ती चर्चमध्ये गेली. त्यांवर आठ पाकळ्यांचा गुलाब होता. तोवर त्या भागात हातमोजे एकरंगीच असत. बघता बघता घरोघरी दोनरंगी वीण सुरू झाली, लग्नात भेट द्यायला हातमोज्यांच्या जोड्या विणल्या जाऊ लागल्या आणि पुढे गावाला त्यातून चांगली मिळकतही होऊ लागली. १९३४ मध्ये 'सेल्बू हुसफ्लिड्ससेंट्रल' ही संस्था स्थापन झाली. मोजे विकायला जाण्याआधी तिथे त्यांची वीण तपासली जाई. आठ पाकळ्यांची ही आकृती मात्र सेल्बूहून जुनी आहे. युरोपातल्या सोळाव्या शतकातल्या नक्षीच्या पुस्तकांत ती आढळते. मारितने ती हातमोज्यावर आणली आणि तेव्हापासून ती सेल्बूच्या नावाने ओळखली जाते.

मूळ सेल्बू मोजा पूर्ण हाताचा असतो आणि टोकाकडे निमुळता होतो. इथे दिलेला मोजा बोटांपाशी उघडा आहे, म्हणजे ही परंपरेची नक्कल नाही, तिच्यावरून बेतलेली चीज आहे. दोनरंगी विणकाम शिकायला मला याहून चांगली सुरुवात माहीत नाही. एका फेरीत फक्त साठ टाके असतात, टोकाकडची घट नसते आणि नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी असल्यामुळे चूक लगेच नजरेत येते. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. दोनरंगी वीण देखणी होते ती मागच्या बाजूने. ज्या रंगाचा टाका नसतो तो धागा मागून जातो. हे मागून जाणारे धागे सैल आणि एकसारखे असले की पुढचा गुलाब आपोआप सपाट, रेखीव बसतो. म्हणून हा लेख मागच्या धाग्यांवर जास्त रेंगाळणार आहे.

लोकर आणि सुया

४ प्लाय लोकर घ्या, दोन रंगांची, प्रत्येकी ५० ग्रॅम. जोडी होऊन थोडी उरेल. बाजारात लोकर म्हणून जे मिळतं ते पुष्कळदा अ‍ॅक्रिलिक असतं. त्याचेही मोजे होतात, पण खऱ्या लोकरीचे तंतू एकमेकांना धरून ठेवतात आणि पहिल्या धुण्यात टाके सारखे होतात. अ‍ॅक्रिलिक तसं करत नाही, जशी वीण उतरली तशीच राहते. नवशिक्याला म्हणूनच खरी लोकर जास्त सांभाळून घेते. शक्य असेल तर मेरिनो किंवा तत्सम लोकर घ्या. मशीनमध्ये धुता येते अशी प्रक्रिया केलेली लोकर गुळगुळीत आणि निसरडी असते, पहिल्या जोडीला ती नको. आपली दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीला उत्तम, पण तळहाताला फार टोचते.

रंग निवडताना फिकट आणि गडद यांत ठळक फरक हवा. दोन्ही गुंडे शेजारी ठेवून मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढा. फोटोत दोन्ही एकसारखे करडे दिसले तर गुलाब दिसणार नाही, मग ते रंग प्रत्यक्षात कितीही वेगळे असोत. लाल आणि हिरवा इथेच फसतात. खाली मी सोयीसाठी काळा आणि पांढरा म्हटलं आहे. मरून आणि मोतिया, गडद निळा आणि फिकट करडा, काहीही चालेल.

सुया दोन मापांच्या लागतील. काठासाठी १३ नंबर (२.२५ मिमी) आणि नक्षीसाठी १२ नंबर (२.७५ मिमी). आपल्याकडे दुकानात नंबर सांगतात आणि परदेशी नमुन्यांत मिलिमीटर असतात, म्हणून दोन्ही दिले. नंबर वाढला की सुई बारीक होते, हे लक्षात असू द्या. दोन टोकांच्या पाच सुयांचा संच किंवा ८० सेंमीची गोल सुई, जे हाताला सवयीचं असेल ते वापरा. शिवाय बोथट टोकाची मोठी सुई, वेगळ्या रंगाचा थोडा दोरा आणि दोन-तीन खुणेच्या रिंगा लागतील.

नमुना विणून मापणं

हे टाळू नका. नक्षीच्या सुयांवर दोन्ही रंग वापरून, एक टाका काळा एक पांढरा असा तुकडा विणा आणि धुऊन, वाळवून मोजा. १० सेंमीत ३० टाके आणि साधारण ३२ ओळी यायला हव्यात. म्हणजे ६० टाक्यांचा घेर २० सेंमी होतो आणि तो बोटांच्या मुळाशी १८-१९ सेंमी घेर असलेल्या हाताला नीट बसतो. दोनरंगी वीण ताणली जात नाही, म्हणून तेवढी सैल जागा ठेवायची.

मोजा गोल विणायचा असल्यामुळे सगळ्या फेऱ्या सुलटच असतात. तुकडा मात्र पलटून, उलट ओळी घालून विणला तर माप चुकतं, कारण बहुतेकांचे उलट टाके सुलट टाक्यांपेक्षा सैल पडतात. त्यासाठी तुकडाही नेहमी सुलट बाजूनेच विणा. ओळ संपली की काम पलटू नका. टाके सुईच्या दुसऱ्या टोकाला सरकवा, धागे मागून सैल आणा आणि पुन्हा उजवीकडून सुरू करा. मागे लांब लोंबते धागे राहतील, राहू द्या.

मोज्याचं माप बदलायचं असेल तर टाके कमी-जास्त करू नका, सुई बदला. ११ नंबरवर (३ मिमी) १० सेंमीत साधारण २८ टाके येतात आणि घेर २१ सेंमीच्या पुढे जातो. पुरुषांच्या हाताला ते ठीक. नक्षीचे टाके ठरलेले आहेत, ते मोडले की गुलाब मोडतो.

दोन धागे हातात कसे धरायचे

आपल्याकडे बहुतेक जणी धागा उजव्या हातात धरून विणतात. दोनरंगी कामात काळा धागा डाव्या तर्जनीवर आणि पांढरा उजव्या हातात घ्या. डाव्या हाताची सवय नसेल तर पहिल्या काही फेऱ्या कंटाळवाण्या जातील, मग बोटं आपली वाट शोधतात. हे जमतच नसेल तर दोन्ही धागे उजव्याच हाताने आळीपाळीने उचला.

कुठलीही पद्धत घ्या, एक नियम पूर्ण जोडीभर पाळा : काळा धागा नेहमी खालून येईल आणि पांढरा वरून. खालून येणाऱ्या धाग्याचे टाके किंचित मोठे पडतात आणि पुढे उठून दिसतात. गुलाब काळा आहे, म्हणून काळा खाली. डाव्या हातातला धागा आपसूक खालूनच येतो. दोन्ही धागे उजव्या हाताने उचलत असाल तर काळा गुंडा डाव्या बाजूला आणि पांढरा उजव्या बाजूला ठेवा, धागे एकमेकांत गुंतणारही नाहीत. मध्येच हा क्रम बदलला तर अर्धा गुलाब ठसठशीत आणि अर्धा फिका दिसतो. धुऊनही तो फरक जात नाही.

आता मागचे धागे. रंग बदलण्याआधी दर वेळी उजव्या सुईवर नुकतेच विणलेले टाके बोटाने पसरवा. ते सुईवर जेवढे पसरतील तेवढाच लांब धागा मागून जायला हवा, कमी नाही. हात घट्ट असेल तर आणखी एक उपाय आहे : काम आतून बाहेर उलटं करा, म्हणजे मोज्याची मागची बाजू बाहेर येईल, आणि सुयांच्या पलीकडच्या कडेवर विणा. धागे आता बाहेरच्या, मोठ्या घेरावरून जातात आणि आखडत नाहीत.

एकाच रंगाचे पाचाहून जास्त टाके सलग आले की दुसरा धागा मध्ये एकदा अडकवायचा. नाहीतर मोजा घालताना अंगठी नाहीतर नख त्यात अडकणार. काळा धागा डाव्या हातात असेल तर पांढरा टाका विणताना काळा धागा सुईच्या वर उचलून धरा आणि पांढरा त्याच्या खालून ओढा. पुढचा पांढरा टाका काळा धागा खाली सोडून विणा. मागे काळा धागा एका टाक्यात अडकलेला दिसेल. दोन्ही धागे उजव्या हातात असतील तर मागे दोन्हींना एकदा अढी द्या, बस. लागोपाठच्या फेऱ्यांत एकाच टाक्यावर अडकवू नका, एक-दोन टाके इकडेतिकडे सरकवा. एकावर एक अडकवत गेलात तर पांढऱ्यातून काळी उभी रेघ डोकावते.

मनगटाचा काठ

१३ नंबरच्या सुयांवर पांढऱ्या लोकरीचे ६० टाके सैल हाताने घाला, गोल जोडा आणि फेरीच्या सुरुवातीला खुणेची रिंग अडकवा. टाक्यांना पीळ पडलेला नाही ना, ते जोडण्याआधी बघा. दोन सुलट, दोन उलट असा ५ सेंमी काठ विणा. मध्ये काळ्या पट्ट्या घालायच्या असतील तर जरूर घाला, पण रंग बदलल्यावर पहिली फेरी पूर्ण सुलट विणा आणि पुढच्या फेरीपासून दोन-दोन सुरू करा. त्याने उलट टाक्यांवर दुसऱ्या रंगाचे ठिपके उमटत नाहीत.

काठ झाला की १२ नंबरच्या सुया घ्या आणि पांढऱ्याने एक फेरी सुलट विणा.

फेरीची मांडणी

इथून प्रत्येक फेरीत पहिले २९ टाके हाताच्या पाठीचे आणि उरलेले ३१ तळव्याचे.

पाठ : १ काळा, १ पांढरा, मधले २५ टाके नक्षीचे, १ पांढरा, १ काळा. दोन कडांचे काळे टाके प्रत्येक फेरीत काळेच राहतात आणि दोन उभ्या रेघा तयार होतात. फेरी जिथे सुरू होते तिथे गोल विणकामात नेहमी एक पायरी पडते, ती या रेघेआड लपते.

तळवा : एक पांढरा, एक काळा असे एकाआड एक. पहिल्या फेरीत सुरुवात पांढऱ्याने, दुसरीत काळ्याने, तिसरीत पुन्हा पांढऱ्याने. म्हणजे काळ्यावर पांढरा आणि पांढऱ्यावर काळा. धागे दर टाक्याला बदलत असल्यामुळे तळव्याची वीण दाट आणि ऊबदार होते, मागे लांब धागा राहतच नाही.

तळव्यातच अंगठ्याची कळी, म्हणजे अंगठ्याला जागा देणारा रुंद होत जाणारा तिकोनी भाग, येते. उजव्या मोज्यात तळव्याचा दुसरा आणि चौथा टाका पहिल्या फेरीपासून काळा ठेवा. त्यांच्या मधला तिसरा टाका म्हणजे कळीची सुरुवात. डाव्या मोज्यात हेच उलट बाजूला : अठ्ठाविसावा आणि तिसावा काळा, एकोणतिसाव्यापासून कळी. दोन मोज्यांत फरक एवढाच. बाकी नक्षी तीच.

पाठीची नक्षी

ज्यांनी क्रॉस-स्टिच केलं आहे त्यांनी खालच्या ओळी आधी चौकटीच्या कागदावर उतरवून घ्याव्यात. प्रत्येक चौकट एक टाका, आणि वाचायचं खालून वर. गुलाब आपल्या डोळ्यांसमोर कागदावर उमटला की तो सुयांवर आणणं फार सोपं जातं. इथे पां म्हणजे पांढरा, का म्हणजे काळा, आणि प्रत्येक ओळीची बेरीज २५.

आधी पाच फेऱ्या ठिपक्यांच्या. पहिली, तिसरी आणि पाचवी : (१का, ३पां) सहा वेळा, शेवटी १का. दुसरी आणि चौथी : २पां, १का, मग (३पां, १का) पाच वेळा, शेवटी २पां.

सहाव्या फेरीपासून गुलाब :

१) ६पां, १का, ११पां, १का, ६पां
२) २पां, १का, ३पां, २का, ९पां, २का, ३पां, १का, २पां
३) १पां, ३का, २पां, ३का, ७पां, ३का, २पां, ३का, १पां
४) २पां, १का, ३पां, ४का, ५पां, ४का, ३पां, १का, २पां
५) ६पां, ५का, ३पां, ५का, ६पां
६) ६पां, ६का, १पां, ६का, ६पां
७) ६का, १पां, ५का, १पां, ५का, १पां, ६का
८) १पां, ६का, १पां, ४का, १पां, ४का, १पां, ६का, १पां
९) २पां, ६का, १पां, ३का, १पां, ३का, १पां, ६का, २पां
१०) ३पां, ६का, १पां, २का, १पां, २का, १पां, ६का, ३पां
११) ४पां, ६का, १पां, १का, १पां, १का, १पां, ६का, ४पां
१२) ५पां, ६का, ३पां, ६का, ५पां
१३) १२पां, १का, १२पां

तेरावी ओळ गुलाबाची मधली ओळ. तिथून मागे फिरा : १२, ११, १० असं करत पुन्हा १ पर्यंत. एकूण २५ फेऱ्या झाल्या. त्यानंतर ठिपक्यांच्या तीन फेऱ्या, खालच्या पहिल्या तीन घातल्या होत्या त्याच.

दुसऱ्या ते चौथ्या ओळीत कोपऱ्यांत छोटी फुली तयार होते. ती शोभेसाठी आहेच, शिवाय मागचा काळा धागा तिथे आधार घेतो. पहिल्या ओळीत मधल्या अकरा पांढऱ्यांच्या मागे काळा धागा दोनदा अडकवा, आणि तेराव्या ओळीत मधल्या काळ्या टाक्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोनदा. सहाव्या ओळीपासून सहा-सहा काळे येतात, त्यांच्या मागे पांढरा मध्यावर एकदा अडकवा. सातवी ओळ विणून झाली की थांबा आणि काम सपाट ठेवून बघा. खालच्या दोन पाकळ्यांची टोकं आणि आडव्या पाकळ्यांची सुरुवात स्पष्ट दिसायला हवी. कापड आक्रसून चुण्या पडत असतील तर मागचे धागे घट्ट आहेत. तेवढ्या ओळी उसवून सैल हाताने पुन्हा विणा. पुढे जाऊन ते सुधारत नाही.

अंगठ्याची कळी

पहिल्या दोन फेऱ्या न वाढवता विणा. तिसऱ्या फेरीपासून एकाआड एक फेरीत, म्हणजे ३, ५, ७ असं १९ व्या फेरीपर्यंत, दोन काळ्या रेघांच्या आत दोन्ही कडांना एक-एक टाका वाढवा. काळ्या रेघेचा टाका विणला की सुईवर धाग्याचा एक फास घाला, कळीचे टाके विणा, दुसरा फास घाला, मग दुसरी काळी रेघ. दुसरा फास पहिल्याच्या विरुद्ध पिळाचा घातला तर दोन्ही कडा सारख्या दिसतात. एकरंगी विणकामात दोन टाक्यांमधला धागा उचलून टाका वाढवतात, पण इथे तिथे दोन रंगांचे धागे असतात आणि गोंधळ होतो. म्हणून फासच बरा.

फासाचा रंग शेजारच्या कळीच्या टाक्याच्या विरुद्ध घ्यायचा. त्याने एकाआड एक नक्षी कळीतही तशीच पसरत जाते. नऊ वाढींनंतर एका टाक्याचे १९ टाके होतात. विसावी फेरी न वाढवता विणा.

एकविसाव्या फेरीत कळीचे १९ टाके दोऱ्यावर काढून ठेवा, त्यांच्या जागी उजव्या सुईवर एक फास घाला आणि फेरी पुढे चालू ठेवा. तळवा पुन्हा ३१ टाक्यांचा झाला. काळ्या रेघांचं काम संपलं, आता संपूर्ण तळवा एकाआड एक. रेघांच्या जागचे टाके कोणत्या रंगाने घ्यायचे ते फेरी काळ्याने सुरू होते की पांढऱ्याने त्यावरून ठरेल. या जागी पहिल्या फेरीत थोडी ओढ जाणवते. तिथले टाके ताणू नका.

हाताची लांबी इथेच तपासून घ्या. मोजा घालून बघा. कळी संपते ती जागा अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या खाचेत यायला हवी. खाली राहत असेल तर पुढच्या जोडीत काठानंतर दोन पांढऱ्या फेऱ्या जास्त घाला.

वरचा काठ आणि अंगठा

३३ फेऱ्या झाल्या की काळा धागा तोडा. पांढऱ्याने एक फेरी सुलट विणा, १३ नंबरच्या सुया घ्या आणि दोन सुलट, दोन उलट अशा पाच फेऱ्या विणून टाके सैल बंद करा. हा काठ घट्ट झाला तर बोटं दिवसभर आवळल्यासारखी वाटतात. बंद करताना उजव्या हातात जाड सुई घेतली की काठ आपोआप सैल राहतो.

अंगठ्यासाठी दोऱ्यावरचे १९ टाके १२ नंबरच्या सुयांवर घ्या आणि खाचेतून ३ टाके उचला : फासातून एक, दोन्ही कोपऱ्यांतून एक-एक. कोपऱ्यातले टाके पिळून विणा, नाहीतर तिथे भोक राहतं. हे भोक जवळपास प्रत्येक मोज्यात पडतं. राहिलंच तर शेवटी उरलेल्या धाग्याच्या टोकाने आतून दोन टाके घालून आवळा. २२ टाक्यांवर एकाआड एक रंगाच्या तीन फेऱ्या, मग पांढऱ्याने १३ नंबरवर एक सुलट, एक उलट अशा पाच फेऱ्या, आणि सैल बंद.

टोकं आणि धुणं

धाग्यांची टोकं आतल्या बाजूने, त्याच रंगाच्या टाक्यांच्या मागून तिरपी ओवा. पांढऱ्याच्या मागून काळं टोक नेऊ नका. गाठी मारू नका, तळव्यावर त्या बोचतात.

आता कोमट पाण्यात लोकरीचा सौम्य साबण विरघळवून मोजे वीसेक मिनिटं भिजू द्या. चोळू नका, पिळू नका. काळा किंवा गडद लाल रंग असेल तर पहिल्या वेळी पाण्यात थोडं व्हिनेगर घाला आणि रंग उतरतो का ते बघा. उतरत असेल तर भिजवत ठेवू नका, लगेच गार पाण्यातून काढा. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा, हाताने आकार सरळ करा, गुलाबाच्या पाकळ्या बोटाने ओढून सपाट करा आणि सावलीत आडवे वाळवा. दोरीवर टांगले तर पाण्याच्या वजनाने लांब होतात. इस्त्री नको. वाळल्यावर टाके फुलून एकमेकांत बसतात आणि विणताना जे खड्डे-उंचवटे दिसत होते त्यातले बरेचसे नाहीसे होतात.

दुसरा मोजा पहिल्यानंतर लगेच सुरू करा. मध्ये मोठा खंड पडला तर हाताची ओढ बदलते आणि जोडीतला एक मोजा दुसऱ्यापेक्षा लहान होतो. सुरू करण्याआधी पहिल्याची कळी कुठल्या बाजूला आहे ते बघून घ्या.